पेशी, जाळे आणि दुव्याचा अर्थ

गेल्या पाव शतकात जीवशास्त्राच्या परिभाषेत 'जाळे' ह्या शब्दाने जे स्थान मिळविले आहे ते पाहता, त्या शब्दाचे एकदा तर्कदृष्ट्या परीक्षण व्हावे हे उचित होय. पेशीतील प्रथिने, जनुके व इतर द्रव्ये ह्यांना गाठी मानावे, त्यांच्या परस्परक्रियांना दुवे मानावे, आणि अशा रीतीने सिद्ध होणाऱ्या आलेखाच्या घडणीवरून पेशीच्या व्यवहाराचा उलगडा करावा, असा ह्या विचारसरणीचा थोडक्यात आशय आहे. तिचे अत्यंत सुबद्ध व प्रभावी प्रतिपादन आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि झोल्टान ओल्टवाई ह्यांनी २००४ साली 'नेचर रिव्ह्यूज जेनेटिक्स' ह्या नियतकालिकातील आपल्या समीक्षालेखात केले. त्या लेखास आता दोन दशके उलटून गेली आहेत. दरम्यानच्या संशोधनाने त्यातील काही विधाने दृढ केली, काही शिथिल केली, तर काहींचा पायाच डळमळीत केला. म्हणून समर्थकांचा आवेश व विरोधकांचा त्रागा हे दोन्ही बाजूस ठेवून त्या विचाराचे मोल ठरविणे आज शक्य झाले आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या विषयात लक्ष घालावे, ह्याचे कोणास नवल वाटेल. परंतु ह्या दोन शास्त्रांतील देवघेव जुनी आहे. 'संकेत', 'प्रतिलेखन', 'भाषांतर' ह्या संज्ञा रेणवीय जीवशास्त्राने भाषा व लेखन ह्यांच्या व्यवहारातूनच उचलल्या. घटकाचे मूल्य त्याच्या अंगच्या गुणांवरून नव्हे, तर व्यवस्थेतील इतर घटकांशी असलेल्या त्याच्या संबंधांवरून ठरते, हा विचार १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या सोस्यूरच्या व्याख्यानांतून आमच्या शास्त्रात रुजला. जाळ्यांचे जीवशास्त्र तोच विचार पेशीस लावू पाहते. ज्या शास्त्राने शतकभर रचनेच्या कल्पनेशी संसार केला, त्याला तिचे सामर्थ्य जसे ठाऊक असते, तसा तिचा मोहही ठाऊक असतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच की, जाळ्याची रचना पेशीचा व्यवहार उलगडते खरी. परंतु त्या जाळ्यातील दुव्याचा अर्थ जितका निश्चित असेल, तितकाच हा उलगडा खरा ठरतो. दुव्याचा अर्थ पुसून केवळ दुव्यांची संख्या मोजली, तर हाती वर्णन लागते, कारण लागत नाही.

प्रथम ह्या विचारसरणीचे ऋण मान्य केले पाहिजे. पेशीचे कार्य एखाद्या एकाकी रेणूत शोधून सापडत नाही, हे सत्य तिने सर्वतोमुखी केले. झाकोब व मोनो ह्यांनी १९६१ साली जीवाणूतील जनुकांच्या नियमनाचे जे चित्र मांडले, त्यात एक जनुक दुसऱ्यास रोखते व बाहेरील शर्करा त्या रोधास सैल करते, हा संबंधच मुख्य होता. पुढे १९९९ साली हार्टवेल, हॉपफील्ड, लीब्लर व मरी ह्यांनी 'नेचर'मधील लेखात असे आग्रहाने मांडले की, जीवशास्त्राने सुट्या रेणूंऐवजी अनेक रेणूंनी मिळून बनलेल्या कार्यगटांना अभ्यासाचा घटक मानावे. जाळ्यांचा विचार ह्या परंपरेतला आहे आणि तेथवर त्याच्याशी कोणाचा वाद असण्याचे कारण नाही. वाद आहे तो पुढच्या पावलाविषयी. इंटरनेट, समाजातील ओळखीपाळखी आणि पेशीतील रसायने ह्या सर्वांची जाळी एकाच नमुन्याची आहेत, आणि म्हणून त्या नमुन्याच्या गणितातूनच पेशीचे स्वरूप समजेल, हे ते पाऊल होय.

ह्या नमुन्याचे वैशिष्ट्य असे सांगितले जाते की, त्यात बहुतेक गाठींना अगदी थोडे दुवे असतात, तर मोजक्या गाठींना अतोनात असतात. दुव्यांची संख्या वाढत जाते तसतशी तेवढे दुवे असलेल्या गाठींची संख्या एका घातांकी नियमाने घटत जाते. त्यामुळे अमुक इतके दुवे म्हणजे सर्वसाधारण गाठ, अशी मोजपट्टीच तेथे उरत नाही. अशा जाळ्यास आपण मोजपट्टीविरहित जाळे म्हणू. बाराबाशी व रेका आल्बर्ट ह्यांनी १९९९ साली त्याची उपपत्ती अशी दिली की, जाळ्यात नव्याने येणारी गाठ आधीच बहुदुवी असलेल्या गाठीस जोडली जाण्याचा संभव अधिक असतो. श्रीमंताघरीच लक्ष्मी जाते, असा हा न्याय आहे. आता तीन उदाहरणे घेऊन ह्या विचाराची कसोटी पाहू.

पहिले उदाहरण चयापचयाचे. हावुंग जंग, बाराबाशी, ओल्टवाई व त्यांचे सहकारी ह्यांनी २००० साली ४३ जीवजातींच्या चयापचयाची जाळी तपासली. एका द्रव्यापासून दुसऱ्या द्रव्यापर्यंत पोहोचण्यास सरासरी तीन-चार पावलेच पुरतात, आणि जीव साधा असो वा गुंतागुंतीचा, हे अंतर जवळजवळ तेवढेच राहते, असा त्यांचा निष्कर्ष होता. निष्कर्ष चित्तवेधक आहे. परंतु येथे पाऊल कशास म्हटले आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. यीस्टच्या किंवा मानवाच्या पेशीत ग्लुकोज व एटीपी ह्यांची क्रिया होऊन ग्लुकोज-६-फॉस्फेट व एडीपी तयार होतात. आलेख काढताना प्रत्येक अभिक्रियाकारक प्रत्येक उत्पादिताशी जोडला, तर ग्लुकोजपासून एडीपीपर्यंत एक दुवा पडतो. फॉस्फोएनॉलपायरुव्हेट व एडीपी ह्यांच्या दुसऱ्या एका क्रियेतून पायरुव्हेट व एटीपी मिळतात. म्हणून एडीपीपासून पायरुव्हेटपर्यंत आणखी एक दुवा पडतो. म्हणजे ग्लुकोजपासून पायरुव्हेट दोन पावलांवर आले! वास्तविक पेशीस हा प्रवास दहा क्रियांनी करावा लागतो, हे जीवरसायनाचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. ग्लुकोजमधील कार्बनचा एकही अणू एडीपीत जात नाही. मग एडीपीवरून गेलेली वाट ही वाट कशाची?

भाषेच्या अभ्यासकास हा पेच ओळखीचा आहे. फेरेर इ कांचो व सोले ह्यांनी २००१ साली इंग्रजीतील शब्दांचे असेच एक जाळे काढले. वाक्यात शेजारी येणारे शब्द एकमेकांस जोडावयाचे, असा त्याचा नियम होता, आणि तेथेही कोणत्याही दोन शब्दांतील सरासरी अंतर तीन पावलांहून कमी भरले. मराठीचे असे जाळे काढले, तर 'आहे', 'आणि', 'हा' ह्यांसारखे शब्द त्याच्या मध्यभागी विराजमान होतील, आणि 'विहीर' व 'न्यायालय' हे शब्द 'आहे'च्या द्वारे दोन पावलांवर येतील. परंतु त्यामुळे विहीर व न्यायालय ह्यांच्या अर्थांत कोणते नाते प्रस्थापित झाले? पाणी, एटीपी, एडीपी ही पेशीच्या व्यवहारातील 'आहे' व 'आणि' होत. ती सर्वत्र लागतात, आणि म्हणूनच त्यांच्यावरून गेलेली वाट काहीच सांगत नाही. मासानोरी आरिता ह्यांनी २००४ साली हा दोष नेमका हेरला. ई. कोलाय ह्या जीवाणूच्या चयापचयात कार्बनचे अणू एका द्रव्यातून दुसऱ्यात कसे जातात, त्याचा माग काढून त्यांनी दुवे जोडले, तेव्हा सरासरी वाट पूर्वीच्या गणनेहून पुष्कळच लांब निघाली. द्रव्यांची घडण व विघटन ह्यांच्या दृष्टीने ह्या जीवाणूचे चयापचयविश्व लहान नाही, असे त्यांनी दाखवून दिले. जीवाणू तोच, रसायने तीच. दुव्याचा अर्थ बदलताच रचना बदलली. पेशीचा म्हणून सांगितलेला गुण वस्तुतः आलेख काढण्याच्या रीतीचा गुण होता.

दुसरे उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. जंग व सहकाऱ्यांनी २००१ साली यीस्टमधील १८७० प्रथिने व त्यांच्यातील २२४० संबंध ह्यांचे जाळे तपासले. पाच किंवा त्याहून कमी दुवे असलेली प्रथिने सुमारे ९३ टक्के होती आणि त्यांपैकी सुमारे २१ टक्केच जगण्यास अपरिहार्य ठरली. उलट पंधराहून अधिक दुवे असलेली प्रथिने जेमतेम ०.७ टक्के होती. परंतु त्यांपैकी सुमारे ६२ टक्के अशी होती की, त्यांतील एकही काढून टाकले असता पेशी मरते. ह्यावरून असे सुचविले गेले की, बहुदुवी गाठ तोडल्याने जाळेच विस्कटते आणि म्हणून पेशी मरते. इंटरनेटची मुख्य केंद्रे बंद पाडली असता जसे व्हावे, तसेच हे.

आकडे खोटे नाहीत. प्रश्न त्यांच्यामागील कारणाचा आहे. येथे दुवा म्हणजे काय? दोन प्रथिने प्रत्यक्ष एकमेकांस चिकटतात, हा एक अर्थ. दोन्ही एकाच मोठ्या रेणुसंघात आढळतात, हा दुसरा. दोहोंचा संबंध संशोधनलेखांत नमूद आहे, हा तिसरा. आणि ज्या प्रथिनाचे महत्त्व आधीच ठाऊक आहे त्यावर अधिक संशोधन होते, म्हणून त्याचे दुवेही अधिक नोंदले जातात, हे येथे विसरून चालणार नाही. यू व सहकाऱ्यांनी २००८ साली केवळ प्रत्यक्ष जोडीसंबंधांचा काटेकोर नकाशा तयार केला, तेव्हा दुव्यांची संख्या व अपरिहार्यता ह्यांचा पूर्वीचा संबंध त्यात आढळला नाही; बहुदुवी प्रथिने काढली असता पेशीत एकाच वेळी अनेक प्रकारचे दोष उद्भवतात, एवढे मात्र दिसून आले. त्याच वर्षी झोटेन्को व सहकाऱ्यांनी निरनिराळी जाळी तपासून असे प्रतिपादिले की, बहुदुवी प्रथिने अपरिहार्य असतात ती जाळे सांधून धरतात म्हणून नव्हे. एखादे प्राणावश्यक कार्य मिळून करणाऱ्या दाट गटांची ती घटक असतात, म्हणून. निरुपयोगी झालेली प्रथिने मोडून काढणारे प्रोटिआसोम हे यंत्र घ्या. त्याचे बहुतेक भाग अपरिहार्य आहेत, कारण ते यंत्र अपरिहार्य आहे. आणि त्या भागांना शेजारी पुष्कळ आहेत, कारण यंत्राला भाग पुष्कळ आहेत. दुव्यांची विपुलता व अपरिहार्यता ही येथे एकाच कारणाची दोन अपत्ये आहेत. त्यांतील एकीस दुसरीची जननी समजणे हा तर्कदोष होय.

ह्या दोन उदाहरणांच्या मुळाशी जो व्यापक प्रमाद आहे, त्याचा अनुभव भाषाशास्त्राने पूर्वीच घेतला आहे. एखाद्या ग्रंथातील शब्द वारंवारतेच्या क्रमाने मांडले असता, शब्दाची वारंवारता त्याच्या क्रमांकाच्या व्यस्त प्रमाणात घटते, ह्या नियमास जॉर्ज झिफचे नाव मिळाले आहे. आपल्या १९४९ सालच्या ग्रंथात झिफने ह्या नियमाचे मूळ मानवाच्या अल्पश्रमाच्या प्रवृत्तीत शोधले. परंतु १९५७ साली जॉर्ज मिलर ह्यांनी दाखविले की, टंकलेखनयंत्राच्या कळा कोणी यदृच्छया बडवीत बसला आणि अधूनमधून कोरी जागा सोडण्याची कळही त्याच्या बोटाखाली आली, तरी अशा निरर्थक 'शब्दां'ची वारंवारता तशाच नियमाने घटते. तेथे भाषा नाही, बोलणारा नाही, श्रम वाचविण्याची इच्छाही नाही. तात्पर्य, वितरणाचा आकार एकच असला, तरी त्यास जन्म देणाऱ्या प्रक्रिया अनेक असू शकतात. आकारावरून प्रक्रियेचे अनुमान करता येत नाही. जाळ्यांच्या बाबतीत तर आकारच पुरता सिद्ध नाही. मोजपट्टीविरहित जाळ्याचा यदृच्छया घेतलेला अंश मोजपट्टीविरहित राहत नाही, असे स्टम्फ, विउफ व मे ह्यांनी २००५ साली सिद्ध केले; आणि आपल्या हाती असलेली प्रथिनांची जाळी ही तर अंशच आहेत. ब्रॉइडो व क्लॉसेट ह्यांनी २०१९ साली निरनिराळ्या क्षेत्रांतील ९२८ जाळी कठोर सांख्यिकीय कसोट्यांवर घासून पाहिली, तेव्हा त्यांतील ४ टक्के जाळ्यांतच हा नमुना सबळ पुराव्यानिशी आढळला.

ह्याचा अर्थ उपपत्तीच निरर्थक होती, असा मात्र नव्हे. जनुकाची द्विरुक्ती होते तेव्हा जुन्या प्रथिनाचे शेजारी नव्या प्रथिनासही लाभतात. म्हणजे त्या प्रत्येक शेजाऱ्याचा एकेक दुवा वाढतो. ज्याला दुवे अधिक, तो कोणा ना कोणा द्विरुक्त जनुकाचा शेजारी असण्याचा संभवही अधिक. अशा रीतीने बहुदुवी गाठ अधिक बहुदुवी होत जाते, हे स्पष्टीकरण बाराबाशी व ओल्टवाई ह्यांच्या लेखातही आहे आणि ते समाधानकारक आहे. परंतु ते समाधानकारक का आहे? त्यातील प्रत्येक पायरी ही पेशीत खरोखर घडणारी घटना आहे, म्हणून. उलगडा करते ती जनुकाची द्विरुक्ती. घातांकी वक्र हा तिचा फार तर पडछाया म्हणावा असा परिणाम आहे.

तिसरे उदाहरण यशाचे आहे, आणि त्या यशाचे मर्म पाहिल्यावाचून आमची टीका एकांगी राहील. उरी आलोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली ई. कोलाय जीवाणूतील जनुकनियमनाचे जाळे तपासले. ४२४ गाठी व ५१९ दुवे असलेल्या ह्या जाळ्यात एक छोटा आकृतिबंध ४० वेळा सापडला. तेवढ्याच दुव्यांची यादृच्छिक जाळी रचली असता तो सरासरी ७ वेळाच येतो. आकृतिबंध असा: क हा नियामक ख ह्या नियामकास चालना देतो, आणि क व ख हे दोघे मिळून ग ह्या जनुकाचे नियमन करतात. एवढ्यावर थांबले असते, तर हीही एक मोजदादच ठरली असती. परंतु आलोन ह्यांच्या गटाने पुढचा प्रश्न विचारला: ग चालू होण्यास क आणि ख दोन्ही लागतात, की एक पुरतो? दोन्ही लागत असतील, तर क क्षणभर जागा झाला तरी ख साठण्यास अवधी लागतो आणि तोवर ग स्वस्थ राहतो. उलट क थांबताच ग तत्काळ थांबतो. क्षणिक संकेताकडे दुर्लक्ष करणारी व टिकाऊ संकेतासच दाद देणारी अशी ही योजना ठरते. अ‍ॅरॅबिनोज शर्करेच्या विघटनाशी संबंधित जनुकांवर २००३ साली केलेल्या प्रयोगात हेच दिसून आले: चालू होताना विलंब, बंद होताना विलंब नाही, आणि ज्या लॅक्टोजव्यवस्थेत हा त्रिकोण नाही, तेथे असा विलंबही नाही. पुढे २००५ साली त्याच जीवाणूच्या कशाभिकांच्या, म्हणजे पोहण्यासाठी असलेल्या शेपटीवजा अवयवांच्या, जनुकांत असाच त्रिकोण तपासण्यात आला. तेथे दोन नियामकांपैकी एकही पुरतो. परिणाम अगदी उलट: चालू होताना विलंब नाही, बंद होताना विलंब.

ह्या जोडउदाहरणात सर्व प्रश्नाचे सार आहे. कागदावर दोन्ही त्रिकोण एकसारखेच. कार्य मात्र परस्परविरुद्ध. म्हणजे आकार एकटा कार्य ठरवीत नाही. तथापि आकारावाचूनही उलगडा होत नाही. 'दोन्ही लागतात' हा नियम त्रिकोणाच्या रचनेत बसविला, म्हणूनच त्यातून विलंब निष्पन्न झाला. भाषेत ह्याहून निराळे काय असते? 'वाघाने शेळी मारली' आणि 'शेळीने वाघ मारला' ह्या दोन वाक्यांत वाघ, शेळी व मारणे ह्यांच्यात कोण कोणाशी जोडला आहे, एवढेच टिपले, तर दोहोंचा आलेख एकच येईल. दुव्यावर कर्ता व कर्म ह्यांची खूण पडली, म्हणजे मगच तो आलेख वाक्याचा अर्थ सांगू लागतो. आमच्या शास्त्रात ह्या खुणांच्या विचारास व्याकरण म्हणतात. आलोन ह्यांच्या संशोधनाचे यश हे मोजणीचे नव्हे, व्याकरणाचे यश आहे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो उपेक्षणीय नाही. शास्त्र पुढे जाते ते तपशील गाळूनच. प्रत्येक दुव्याचा सर्व तपशील ठेवावयाचा, तर नकाशा भूमीएवढाच मोठा होईल, असे कोणी म्हणेल. हे खरे आहे. परंतु काय गाळावे, हे प्रश्नावरून ठरते. कार्बन कोठून कोठे जातो, हा प्रश्न असेल, तर कार्बनचा माग गाळून चालणार नाही. संकेतास पेशी केव्हा दाद देते, हा प्रश्न असेल, तर काळ गाळून चालणार नाही. अमूर्तीकरण हा दोष नव्हे. उत्तर ज्यावर अवलंबून आहे, नेमके तेच अमूर्तीकरणात वगळणे, हा दोष होय.

न्यायबुद्धीने हेही नमूद केले पाहिजे की, बाराबाशी व ओल्टवाई ह्यांस ह्या मर्यादेची जाणीव नव्हती असे नाही. लेखाच्या उत्तरार्धात दुव्यांच्या स्वरूपाचे वर्णन आवश्यक असल्याचे त्यांनी स्वतःच म्हटले आहे आणि केवळ आकारावर विसंबणाऱ्या पद्धतीच्या उणिवाही मान्य केल्या आहेत. आमचा आक्षेप क्रमासंबंधी आहे. त्यांनी आधी आकार घेतला, त्यावरून सर्वव्यापी नियम सांगितले, आणि दुव्याचा अर्थ हा पुढील कार्यक्रम म्हणून ठेवला. वस्तुतः दुव्याचा अर्थ निश्चित होईपर्यंत आकारच निश्चित होत नाही, हे आरिता ह्यांच्या संशोधनाने दाखविले आहे. ज्याला परिशिष्टाची जागा मिळाली, ते प्रस्तावनेत यावयास हवे होते.

हा वाद केवळ जीवशास्त्रज्ञांचा नाही. आज आलेख काढून देणारी संगणकीय साधने प्रत्येकाच्या हाती आहेत. पेशी, शब्दकोश, संतवाङ्मयातील उल्लेख, ह्यांपैकी कशाचेही जाळे एका संध्याकाळी तयार होते, आणि त्यातील ठळक गाठींकडे बोट दाखवून प्रबंधाचे एक प्रकरण सिद्ध करण्याचा मोह होतो. म्हणून असे जाळे पुढे आले असता पदव्युत्तर अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत. येथे दुवा म्हणजे नेमके काय, आणि सर्व दुव्यांचा अर्थ एकच आहे काय? दुव्याची व्याख्या बदलली, तर निष्कर्ष टिकतो काय? आणि ही रचना दुसरी असती, तर प्रत्यक्ष व्यवहारात कोणता फरक पडला असता, हे सांगता येते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अ‍ॅरॅबिनोजच्या त्रिकोणाने दिले. सर्वव्यापी घातांकी नियमाच्या पुरस्कर्त्यांस ते अद्याप तितक्या स्वच्छपणे देता आलेले नाही. जाळ्याच्या कल्पनेने पेशीविज्ञानास संबंधांकडे पाहावयास शिकविले, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. ते संबंध कशाचे आहेत, हे सांगण्याची जबाबदारी मात्र त्या कल्पनेने अभ्यासकावरच ठेवली आहे, आणि ती दुसऱ्या कोणावर टाकता येणारी नाही.